शेवटच्या पानावरचे पाच प्रश्न

फॉर्म चार पानांचा होता. पहिल्या तीन पानांवर वय, शेती, शिक्षण, साखर, रक्तदाब, तंबाखू, जुने आजार अशी माहिती भरायची होती. ती विचारताना मी कधी अडखळलो नाही. चौथ्या पानावर फक्त पाच प्रश्न होते आणि ते पान उलटायची वेळ आली की मी उगाच पेनाचं टोपण काढ-घाल करायचो.

साठी ओलांडलेल्या पुरुषाला विचारायचं होतं, की गेल्या सहा महिन्यांत पत्नीशी संबंधाच्या वेळी इंद्रियाला ताठरपणा येतो का, तो शेवटपर्यंत टिकतो का, तो येईल याची स्वतःला किती खात्री वाटते. प्रत्येक उत्तराला शून्यापासून पाचापर्यंत गुण होते. शेवटी पाचांची बेरीज करायची. बेरीज जितकी कमी, तितका दोष मोठा. या दोषाला आमच्याकडे धड नाव नाही. फार तर ‘तसलं काहीतरी’ म्हणतात आणि मान दुसरीकडे वळवतात.

आमच्या संस्थेच्या डॉक्टरांनी प्रशिक्षणात बजावलं होतं, की या प्रश्नांना हसायचं नाही. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या आधी तिथे तुंबतात आणि हृदयाकडच्या पुष्कळदा त्यानंतर. म्हातारा माणूस या बाबतीत खरं बोलला तर पुढचा झटका कधी कधी आधीच ओळखता येतो. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मला ते मनापासून पटलं होतं.

मी किकवीचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. भोरच्या कॉलेजात एसटीने ये-जा करून बी.ए. झालो, त्यानंतर दोन वर्षं अर्ज करत राहिलो आणि मग या संस्थेने मला काम दिलं, गळ्यात ओळखपत्र दिलं. त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मानतो. छापील कागदावर माझा फार विश्वास होता. पुस्तकात छापलंय ते खरं असतं, असं धरूनच मी इथवर आलो होतो. प्रश्न छापील आहेत म्हणजे उत्तरंही खरी येणार, असं मला वाटायचं.

पहिले काही आठवडे वेल्ह्याच्या बाजूला काम केलं. माणसाला एकट्याला घेऊन बसायचं, असा नियम होता. पण गावात एकटा म्हातारा सापडत नाही. देवळाच्या ओट्यावर एकाला घेऊन बसलो की दोघे-तिघे हळूहळू सरकत जवळ यायचे.

“ह्याला काय इचारतो,” त्यातला एक म्हणाला, “ह्याची म्हातारी लेकीकडं जाऊन बसलीया दोन वर्सं. ह्याला आठवतंय तरी का बघ आधी.”

“तुजं बघ की! तुला बिडी पेटवायला बी माजी काडी लागती.”

सगळे हसले. ज्याला मी विचारत होतो त्याने मिशीवरून हात फिरवला. “लिवा सायेब, समद्याला पाच. त्यात खाली-वर करू नका.”

“बाबा, खरं सांगायचं असतं. त्यावरून औषध ठरतं.”

“तुजं लगीन झालंय का?”

“नाही.”

“मग पाच लिव. तुला काय कळायचंय त्यातलं.”

मी पाच लिहिले. पुढच्या गावात एकजण हात जोडून म्हणाला, “आता कसलं बाबा, समदं देवाला सोडलं,” आणि मी शून्य लिहिलं. त्याची सून दारात तांदूळ निवडत बसली होती. परतताना एसटीत मला वाटलं, की या दोघांनीही उत्तर देताना आपल्या शरीराकडे पाहिलंच नाही, कोण ऐकतंय ते पाहिलं. डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, हे होतंच, म्हणून तर पुष्कळ फॉर्म भरायचे. काही जण फुगवून सांगतात, काही लपवून, आणि एकंदरीत अंदाज बरोबर येतो. माझं समाधान झालं. ते एकंदरीतचं बोलत होते, एकेका माणसाचं नाही, हे मला त्या वेळी नीट कळलं नाही.

मग आम्ही हिर्डोशीकडे गेलो. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, ते माझ्या आईचं माहेर. त्या वाडीत जो पुरुष भेटेल तो माझा मामा आणि जी बाई भेटेल ती मामी. नात्यातल्या माणसाचा फॉर्म दुसऱ्याने भरावा, असाही नियम होता. पण गाडी वाडीपर्यंत जात नव्हती, ऊन रणरणत होतं आणि माझा जोडीदार खालच्या शाळेत बसून म्हणाला, “तुझीच माणसं आहेत, तुझ्याशी मोकळं बोलतील.” मला ते खरं वाटलं. खरं तर मला तिथे ओळखपत्र घालून जायचं होतं. आईच्या माहेरी.

ज्यांची ही गोष्ट आहे ते मामा आईचे चुलतभाऊ. सत्तरीला आलेले, पण दोन बैलांचा नांगर स्वतः धरणारे. मी गेलो तेव्हा ते पडवीत बसले होते. हातभर अंतरावर त्यांचा मुलगा कुदळीला दांडा बसवत होता. आत सून भांडी लावत होती, मामी चुलीपाशी होती.

“या सायेब,” मामा मला चिडवत म्हणाले. “लिवा आमचं बी.”

पहिली तीन पानं झरझर झाली. “मामा, जुना काही आजार? छातीचा, दम्याचा?”

“नांगर धरतो म्या आजून. तुज्या बरुबरीच्या पोरांना जमंल का?”

मी ‘नाही’वर खूण केली आणि पान उलटलं. ते शब्द मामांसमोर उच्चारायचे म्हणजे कुणीतरी मला भर पडवीत उघडं करावं तसं झालं. पाच प्रश्नांचा माझ्या तोंडात एकच प्रश्न झाला आणि तोही अर्धा.

“मामा, मामीचं नि तुमचं... म्हणजे... नीट आहे ना सगळं?”

कुदळीवरचा हातोडा थांबला. मामांनी मुलाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या अंथरुणाकडे पाहिलं. “पोराचं लगीन झालं तवाच माजं आथरूण पडवीत आलं. आता हे सहावं वरीस.”

ही आमच्याकडची रीत आहे. घर दोन खणांचं असतं. सून घरात आली की सासऱ्याचं अंथरूण बाहेर येतं. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. थंडीतही कुणी ते परत आत नेत नाही. म्हातारा पडवीत झोपतो, म्हातारी आत चुलीजवळ, आणि दोघांमधला तो भाग संपला असं सगळं गाव धरून चालतं.

मीही तसंच धरलं. पाचही प्रश्नांपुढे शून्य लिहिलं. फॉर्ममध्ये माणसाचं शरीर कसं आहे ते विचारलं होतं. मी त्याचं अंथरूण कुठे आहे ते लिहिलं.

पंधरा दिवसांनी हिर्डोशीच्या शाळेत शिबिर झालं. डॉक्टरांनी माझ्या फॉर्मवरची बेरीज पाहिली. मामांचा रक्तदाब मोजला, तो ठीक निघाला. मग त्यांनी विचारलं, “छातीचं काही नाही ना? कुठली गोळी चालू नाही?” आजूबाजूला वाडीतली पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती. मामा म्हणाले, “न्हाई.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही म्हणालो, “नाही सर. नांगर धरतात ते अजून.”

डॉक्टरांनी ताठरपणासाठीच्या चार गोळ्यांची एक पट्टी दिली. ती पाकिटात घालून मामांच्या हातात मीच दिली. कशी घ्यायची ते सांगताना मी सगळा वेळ माझ्या चपलांकडे बघत होतो. उपाशीपोटी, तासभर आधी. कशाच्या आधी ते मी बोललो नाही. मामांनी पाकीट बंडीच्या खिशात घातलं आणि काहीही न विचारता निघून गेले.

चार दिवसांनी सकाळी मी घरी चहा पीत होतो. आईने सहज विचारलं, “शिबिरात मामाची छाती तपासली का रं नीट?”

“छातीचं काय?”

आईने आधी दाराकडे पाहिलं. “दिवाळीच्या आधी दुखली हुती. पुण्याला दोन दिस ठिवला हुता. वाडीत सांगितलं, लेकीकडं गेलाय म्हणून. मामीनं मला शपथ घातलीया, कुणाला बोलायचं न्हाई. पोराला कळलं तर बैलं इकायला लावंल ना तो. आता खिशात बारकी बाटली असती. छातीत कळ आली की गोळी जिभेखाली धरायची.”

कप माझ्या हातात तसाच राहिला. जिभेखालची गोळी. प्रशिक्षणातल्या वहीत ते दोनदा अधोरेखित केलेलं होतं. छातीच्या कळेवर जिभेखाली धरायची गोळी आणि आम्ही दिलेली ती गोळी, ही दोन औषधं एका अंगात एकत्र आली तर रक्तदाब एकदम खाली कोसळतो आणि माणूस उभ्या जागी जाऊ शकतो.

मी मामांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मामीकडे फोन नव्हता. मुलाला लावला, तो म्हणाला, “दादा, आमी दोघं तर परवाच शिरवळला आलो. कंपनीत लागलोय, खोली घेतलीया. का, काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही, सहज.” वाडीच्या खालच्या दुकानदाराचा नंबर माझ्याकडे होता. त्याला फोन केला असता तर तो पाच मिनिटांत वर धावला असता. पण त्याला काय सांगणार? कुठली गोळी, कशाची गोळी? मी नंबर काढला आणि लावला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. लाजेपायी मी एका माणसाचा तास-दीड तास घालवला.

डॉक्टरांना मात्र फोन केला. ते हळू आवाजात म्हणाले, “आधी एकच गोष्ट पक्की कर. आपली गोळी त्यांनी घेतलीय का, आणि कधी. घेतली असेल तर पुढचा अख्खा दिवस, चोवीस तास, जिभेखालची गोळी त्यांना मिळता कामा नये. दुखलं तर सरळ भोरला आण. पण घेतली नसेल तर ती बाटली काढून घेऊ नकोस. त्या गोळीवरच त्यांचा जीव आहे. कळलं का? दोन्हीकडून चुकून चालणार नाही.”

शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन निघालो. किकवीपासून भोर आणि भोरपासून धरणाच्या कडेकडेने हिर्डोशी. रस्त्यात काय काय होतं ते मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मोठ्याने हिशेब करत होतो. मुलगा-सून परवा गेले. घर परवा रिकामं झालं. म्हणजे काल. नाही तर आज.

वाडीत पोचलो तेव्हा मामी अंगणात वाळवण पसरत होती. मला बघून हसली. “आज बिनकागदाचं आलं व्हय सायेब?”

“मामी, मामा कुठंयत?”

“वरच्या खाचरात. राब भाजायचाय, पाला वाहत्यात.” भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला-शेण पसरून जाळतात, तो राब. म्हणजे मामा डोक्यावर भारे घेऊन चढ चढत होते.

“मी दिलेल्या गोळ्या घरात आहेत का?”

“कसल्या गोळ्या?”

मी म्हणालो, “ताकदीच्या.”

वेल्ह्याच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांवर मी मनातल्या मनात चिडलो होतो, की दोन शब्द खरे बोलायला यांचं काय जातं. आणि आता मी तेच केलं.

“ताकदीच्या?” मामी म्हणाली. “मग मला बी दे की दोन. पाठीचा पार खुळखुळा झालाय.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “ताकदीच्या गोळ्यांसाठी तुजं त्वांड असं पांढरं का पडलंय?”

मी जमिनीकडे बघत सांगितलं. कसली गोळी, कशासाठी, आणि जिभेखालच्या गोळीशी तिचं काय वैर आहे. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा मला शिव्या देईल. तिने पदर खोचला. “दुधाचा टेम्पो आजून खालीच हाय. म्या थांबवती त्याला. तू वर पळ.”

मी पळालो. चढ संपतो तिथे एक ऐनाचं झाड आहे. दुरूनच मला मामा दिसले. पाल्याचा भारा बाजूला पडला होता. ते झाडाला टेकून बसले होते. डावा हात छातीवर होता आणि उजवा बंडीच्या खिशात.

“मामा! गोळी घेऊ नका! गोळी घेऊ नका!”

माझा आवाज मलाच ओळखू येईना. ते दचकले. मी जवळ जाऊन त्यांचं मनगट धरलं. मुठीत ती छोटी तपकिरी बाटली होती. झाकण अजून लावलेलं होतं.

“तुला कुणी सांगितलं हिचं?”

“आईनं.”

“बायकांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई,” ते धापा टाकत म्हणाले. “सोड. छाती भरल्यावानी झालीया जरा. भारा जड हुता.”

“मी दिलेली पट्टी कुठंय?”

त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातून पट्टी काढली. तिच्यात तीन गोळ्या होत्या. चौथं घर फुटलेलं होतं.

“ही एक कुठं गेली?”

“पडली असंल कुठंतरी.”

“मामा, घेतली का?”

“न्हाई म्हटलं ना.”

आयुष्यात मी एवढा कधी भ्यालो नव्हतो. त्यांचं कपाळ घामाने निथळत होतं. त्यांचं ‘न्हाई’ खरं असेल तर मी त्यांचा जीव वाचवणारी गोळी मुठीत दाबून बसलो होतो. खोटं असेल तर ती सोडल्यावर ते माझ्यासमोर आडवे होणार होते. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. कुठलं यंत्र नव्हतं. माझ्याकडे फक्त त्यांचं उत्तर होतं, आणि त्यांची उत्तरं मी आधी कशी लिहिली होती ते मला माहीत होतं.

“मामा, तो कागद म्या खोटा भरला,” मी म्हणालो. “त्यात पाच प्रश्न हुते. मला लाज वाटली, म्या एकच इचारला. तुमी आथरुणाचं सांगितलंत, म्या तुमाला आजारी लिवलं. छातीचं इचारलं तवा तुमचा पोरगा हुता तिथं, हे बी मला दिसलं न्हाई. त्या कागदावरनं ही गोळी आली. आता हितं कुणी न्हाई. आता तुमी चुकीचं सांगितलंत, तर तुमाला म्याच मारलं असं हुईल.”

कॉलेजात गेल्यापासून मी मामांशी असं बोललो नव्हतो. ते खाली खाचराकडे बघत राहिले. मी त्यांचे श्वास मोजत होतो.

“सकाळी घेतली,” ते म्हणाले. “सात वाजता. हितंच.”

“इथं? आणि मामी...”

“ती कुठं हाय हितं?” ते जरासे चिडले. “बी पेरायच्या आधी आपण काय करतो? ओल्या बारदानात मूठभर दाणं गुंडाळून ठिवतो का न्हाई? उगवत्यात का बघतो, मगच रोप टाकतो. म्हटलं, आधी एकट्यानं बघावं. पोरगं गेलं, घर मोकळं झालं. ती म्हणली, आता आत झोपा की. दोन राती काय ना काय कारण काढलं म्या.”

“का पण, मामा?”

“मला तरी कुठं म्हाईत हुतं, हुतंय का न्हाई ते? सहा वर्सं झाली. तू इचारलंस तवा मला म्हाईत असतं, तर सांगितलं नसतं व्हय?”

माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं. माणूस लपवतो, फुगवतो, लाजतो, हे सगळं मी धरलं होतं. पण त्यालाच माहीत नसेल, असा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता. पुढे ‘उगवलं का’ हे मी विचारलं नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, ते निळे पडतायत का ते.

बाटली मी माझ्या खिशात ठेवली. मामांना हाताला धरून पावला-पावलाने खाली आणलं. टेम्पो उभा होता. मामीने डोळ्यांनीच मला विचारलं आणि मी ‘घेतलीय’ अशी मान हलवली. तिने काही न बोलता मामांना पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं आणि स्वतः माझ्यासोबत मागे दुधाच्या कॅनांमध्ये बसली. गोळी सकाळी सात वाजता, रानात घेतली, एवढं मी तिला तिथे सांगितलं. भोर येईपर्यंत ती काचेतून मामांच्या मानेकडे बघत होती. मान कलली की माझा दंड धरायची.

भोरच्या दवाखान्यात मामांना आत नेलं आणि मला केसपेपर काढायला पाठवलं. खिडकीवर चार माणसं होती. नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की आत विचारणारं दुसरंच कुणीतरी आहे आणि उत्तर देणारे मामा आहेत. मी कागद तिथेच टाकून धावलो.

दारातूनच ऐकू आलं. सिस्टर विचारत होत्या, “छातीच्या गोळीशिवाय आणखी काही घेतलंय का बाबा? कसलंही औषध, आज, काल?”

मामांनी सिस्टरकडे पाहिलं, तरुण डॉक्टरकडे पाहिलं, मग मामीकडे. मामीला काही माहीत नाही, असंच ते समजत होते.

“न्हाई,” ते म्हणाले. “तसलं काय न्हाई.”

“मग एक जिभेखाली द्या,” डॉक्टर म्हणाले, आणि सिस्टरने ट्रेमधून गोळी उचलली.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी मामी ओरडली. “आवो बाई, थांबा! घेतलीया त्यांनी. तसली. गड्याला देत्यात ती. सकाळी सात वाजता, रानात.” सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मामी मामांना म्हणाली, “माज्याकडं काय बघता डोळं फाडून? मरायचं भ्या वाटंना, नि माजी लाज वाटती व्हय?”

सिस्टरचा हात तसाच थांबला. डॉक्टरांनी गोळी परत ट्रेमध्ये ठेवायला लावली. पट्टी मागितली, ती मी दिली. ती त्यांनी वाचली. मग त्यांनी हृदयाचा आलेख काढला, दुसरी औषधं सुरू केली आणि सांगितलं, की रात्रभर इथेच ठेवायचं. आमच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते दुपारी स्वतः आले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी रागावायला हवं होतं.

रात्री मामीला पलंगाजवळ राहू दिलं. मी बाहेर बाकावर होतो. आत जरा पावलं वाजली की मी उठून उभा राहायचो. आधी भरलेले सगळे फॉर्म एकेक करून डोळ्यांपुढे येत होते. मिशीवरून हात फिरवणारा. हात जोडणारा. त्यांतल्या कुणाच्या खिशात काय आहे, मला ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात मी त्या सगळ्यांकडे परत गेलो. या वेळी एकेकट्याला शेतावर गाठलं आणि घरात बायकोलाही वेगळं विचारलं. दोघांची उत्तरं किती ठिकाणी वेगळी निघाली ते इथे सांगत नाही. पण त्या रात्री बाकावर मला एवढंच कळत होतं, की मी ते कागद सही करून दिलेत.

सकाळी नऊच्या सुमारास तरुण डॉक्टर फेरीला आले. मामा उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला.

“काय बाबा, रात्री दुखलं का?”

“न्हाई,” मामा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं नाही. ते मामीकडे वळले. “मावशी?”

“दोनदा,” मामी म्हणाली. “एकदा पहाटं. दातावर दात धरलं हुतं. आन् आत्ता बी दुखतंय, हात बघा कसा आवळलाय.”

“तू जागी हुतीस व्हय?” मामांनी विचारलं.

“मग काय घोरत हुती?”

डॉक्टरांनी मामांची मूठ उघडून पाहिली, आलेख पुन्हा काढायला सांगितला आणि पुण्याला पाठवायचं म्हणून गाडी बोलावली. मग ते वाकून मामांना म्हणाले, “बाबा, आता तुम्हीच सांगा. कालची ती गोळी नक्की किती वाजता घेतली होती?”

मामांनी आधी मामीकडे पाहिलं. मग मोठ्याने, बाजूच्या पलंगांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सात वाजता. न्ह्यारीच्या आधी. एकच घेतली.”

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चोवीस तास उलटून गेले होते. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि सिस्टरला मान हलवून खूण केली. सिस्टरने ती बारीक गोळी मामांच्या जिभेखाली ठेवली. मामीने त्यांचा हात आपल्या हातात धरला होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. ती वर होत होती, खाली होत होती. हळूहळू मूठ सैल झाली. मला मात्र तिथून हलायला भीती वाटत होती, आणि गाडी येईपर्यंत मी हललो नाही.